उजवी बाजू तुझी

आक्कांचा शेवटचा फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात पिठात होते. फोन खांद्याला लावून मी भाकरी थापत होते, आणि त्यांना ते पलीकडून कळलं. "आधी हात धू, मग बोल," म्हणाल्या. हात धुतले. नमस्कार-चमत्कार, कशी आहेस, काय केलं जेवायला, हे असलं काही आक्कांच्या फोनवर नसायचंच. "डावी बाजू झाली माझी. बॉनेटच्या मधोमध कागदी पट्टी चिकटवून ठेवलीय. उजवी बाजू तुझी. तू चालवणार, तर तुझ्या बाजूचं जुनं मेण तूच उतरवायचं. उद्या लवकर ये, ऊन चढलं की नाय जमत." मी बरं म्हटलं. तव्यावरची भाकरी तोवर करपली होती आणि त्याचा राग मी मनातल्या मनात त्यांच्यावरच काढला. त्याच संध्याकाळी वाळूजच्या बजाजनगरहून त्यांच्या शेजारणीचा फोन आला. आक्कांनी गाडीची फडकी धुऊन दोरीवर वाळत घातली, चहा घेतला, पायरीवर टेकल्या... आणि तिथंच गेल्या. डॉक्टर म्हणाले, हृदयाचा झटका, फार त्रास झाला नसणार. आम्ही पोचलो तेव्हा फडकी ओलीच होती.

आक्का म्हणजे माझ्या यजमानांची थोरली बहीण, माझी नणंद. नणंद म्हटलं की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर एक विशिष्ट भाव येतो, तो माझ्याही चेहऱ्यावर बरीच वर्षं होता. माहेर त्यांचं कन्नडजवळच्या खेड्यातलं. लग्नानंतर थोड्याच दिवसांत नवरा गेला, मूलबाळ नाही, सासरी राहावं असं काही उरलं नाही. त्या धाकट्या भावाला घेऊन वाळूजला आल्या आणि एका कंपनीत चिकटल्या. आधी कँटीनमध्ये, मग स्टोअरला, आणि निवृत्त झाल्या तेव्हा अख्खा माल तपासणी विभाग त्यांच्या आवाजाला वचकून असे. आवाज काय तो! शेजारच्या गल्लीतला माणूस दचकायचा. मी पाचोडची. नवी नवरी म्हणून त्या घरात पाऊल टाकलं तेव्हा आक्कांनी माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि विचारलं, सायकल येती का. मी म्हटलं, नाही. त्यावर त्या नुसतं "हं" म्हणाल्या. त्या "हं"चा अर्थ लावण्यात माझी पहिली पाच-सहा वर्षं गेली. आता वाटतं, अर्थ तसा साधाच होता. ही बाई उद्या अडली तर जाणार कशी, एवढीच त्यांना काळजी होती. पण त्या काळजीला गोड बोलायची सवय नव्हती, त्याला त्या तरी काय करणार.

गाडी त्यांनी पन्नाशीनंतर घेतली. जुनीच, पण गडद निळी. आमच्या ह्यांनी भीतभीत सुचवलं होतं की आक्का, पांढरी घ्या, धूळ दिसत नाही. वाळूजच्या वाऱ्याला धुळीचं काय कमी. आक्का म्हणाल्या, दिसत नाही म्हणजे बसत नाही का? झालं, निळी आली. सुरुवातीला त्या दर दसऱ्याला गाडी धुवायच्या, पुसायच्या आणि डब्यातलं मेण घोटून लावायच्या. पुढच्या दसऱ्याला त्यावर पुन्हा मेण. त्याच्या पुढच्या दसऱ्याला पुन्हा. प्रेमाला काही हिशेब नसतो, थरावर थर चढत गेले. मग एका उन्हाळ्यात गाडी पार निस्तेज दिसायला लागली. बॉनेटवर पांढुरके ढग आल्यासारखे डाग, हात फिरवला तर चिकट, आणि त्या चिकटपणाला धरून बसलेली धूळ. मेण जितकं घोटाल तितकी अवकळा वाढायची. आक्का हट्टाला पेटल्या. कंपनीतल्या रंगकामाच्या विभागात जाऊन चौकशा केल्या, मोबाइलवर व्हिडिओ बघितले, आणि एके दिवशी घरी येऊन आम्हाला समोर बसवून निकाल सुनावला की इतकी वर्षं आपण गाडीला अंघोळ न घालताच नवे कपडे चढवत होतो. नवं टिकायला हवं असेल तर जुनं आधी मुळापासून काढायला लागतं. वर लावायचं ते सीलंट, म्हणजे रंग जपणारा पातळ लेप, रंगाला धरून बसतं, जुन्या मेणाला नाही. मेणावर लावलं तर मेणाबरोबरच निघून जाणार.

तेव्हापासून उन्हाळा लागायच्या आधी त्यांच्या घरी हा सोहळा ठरलेला, कारण सीलंट आलं तरी दसऱ्याचा मेणाचा एक हात आक्का सोडायच्या नाहीत. पत्र्याच्या सावलीत गाडी घ्यायची. भांडी घासायच्या लिंबाच्या साबणानं धुवायची, एरवी गाडीला जो साबण लावू नये म्हणतात तोच. मग क्लेची, म्हणजे गाडीसाठी मिळणाऱ्या मऊ मातीची वडी ओल्या अंगावरून हलकेच फिरवायची, रंगात रुतलेली घाण ती ओढून घेते. शेवटी स्पिरिटमध्ये निम्मं पाणी घालून फडक्यानं पुसत जायचं, एका वेळी हातभरच जागा. आणि मग परीक्षा. आक्का स्वयंपाकघरातून तांब्या भरून आणायच्या आणि बॉनेटवर पाणी ओतायच्या. मान तिरकी करून, श्वास धरून बघायच्या. पाण्याचे गोल थेंब झाले तर मेण अजून आहे, पुन्हा पुसा. पाणी चादरीसारखं सपाट पसरलं तर रंग उघडा झाला. मग सीलंटचा पातळ हात, आणि ते वाळलं की पुन्हा एक तांब्या. या वेळी मात्र थेंब हवेत, आणि टपोरे हवेत. एवढ्या खमक्या बाईचा चेहरा त्या थेंबांकडे बघताना इतका हरखून जायचा की मी तांब्याच्या आवाजानंच कामं टाकून बाहेर यायचे. मला गाडीचं काही कौतुक नव्हतं, मला आक्कांना बघायचं असायचं.

माझ्या डोक्यात गाडी शिकायचं खूळ त्यांनीच भरलं. ह्यांची नजर आधीपासूनच अधू, त्यांना गाडी चालवायची नाही असं डॉक्टरांनीच सांगून ठेवलेलं. आणि मी पन्नाशी ओलांडलेली, रस्ता ओलांडतानाही ह्यांचा शर्ट धरणारी. आधी एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गेले. तिथला माणूस ब्रेक आपल्याच पायात ठेवायचा, मी नुसतं चाक धरून बसायचे, आणि लायसन मिळालं. आक्कांनी मला पहिल्यांदा शेजारी बसून चालवायला लावलं, जवळच्याच पंढरपूर फाट्यापर्यंतसुद्धा पोचलो नाही तोच गाडी बाजूला घ्यायला सांगितली. म्हणाल्या, तिथं शिकलीस ते सगळं उतरव आधी, मग माझं लागेल. दुसऱ्या दिवसापासून क्लच म्हणजे काय इथून सुरुवात. रागावायच्या, डोक्याला हात लावायच्या, एकदा तर चालत्या गाडीतून उतरायला निघाल्या. पण एक गोष्ट त्या न चिडता सांगायच्या, दर वेळी, गाडी सुरू केली की. डॅशबोर्डवर बोटानं टकटक करायच्या आणि म्हणायच्या, "आरसा बघ." मी म्हणायचे, बघितला आक्का. त्या म्हणायच्या, पुन्हा बघ. हळूहळू हात बसला. बीड बायपासच्या ट्रकांना मी भ्यायचं सोडलं. पण एकटीनं गाडी काढायची वेळ आली की मी काहीतरी निमित्त काढायचे. डावीकडच्या सीटवर आक्का नसतील तर माझ्या हातून चाक फिरणारच नाही अशी माझी ठाम समजूत होती, आणि आक्कांना ती चांगली ठाऊक होती.

पाचोडला माझी आई एकटी असते. गाव सोडायचं नाही म्हणते, आणि तिला तिथून हलवण्याची कुणाची छाती नाही. बाजाराच्या दिवशी आम्ही दोघी आडूळवरून पाचोडला जायचो, मी चालवायचे, आक्का शेजारी. आईला बाजार करून द्यायचा, तिच्या हातचं जेवायचं, संध्याकाळच्या आत परत. दोन म्हाताऱ्यांची काय गट्टी जमली होती म्हणून सांगू! आई आमच्या पायांवर पाणी घालून, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकल्याशिवाय उंबरा ओलांडू द्यायची नाही. एकदा आक्का तिला म्हणाल्या, आमच्या पायावर घालता, तर गाडीच्या डोक्यावरही घाला थोडं, लांबून आलीय ती. तेव्हापासून आई तांब्यातलं उरलेलं पाणी बॉनेटवर ओतायची आणि आक्का तिला थेंब दाखवायच्या. आई म्हणायची, कमळाच्या पानावाणी झालंय की. त्या दोघी थेंब बघत उभ्या असायच्या आणि मी पिशव्या उतरवत. माझ्या आईच्या गावाला कुणी इतक्या आपलेपणानं यावं, याचं मला फार अप्रूप होतं. माझी नणंद माझ्या माहेरची झाली होती.

आक्का गेल्या, आम्ही त्यांच्याच घरी मुक्कामाला राहिलो आणि गाडी तशीच पत्र्याखाली उभी राहिली. बॉनेटवर मधोमध ती कागदी पट्टी. डावीकडचा निळा रंग खोल आणि उघडा, उजवीकडचा जुन्या मेणानं मंद. येणारी-जाणारी माणसं बघायची. दहाव्याला पैठणला गेलो, आलो, घरात सतत माणसं, आणि मी दर थोड्या वेळानं खिडकीतून गाडीकडे बघायचे. उघडा रंग असा ठेवायचा नसतो, हे आक्कांनीच शिकवलेलं. दुपारचं ऊन पत्र्याखाली तिरकं यायला लागलं होतं. माझी बाजू मला बोलावत होती आणि माझा हात उठत नव्हता. कारण त्या उजव्या बाजूवर आक्कांनी गेल्या वर्षी लावलेलं होतं, त्यांच्या हातानं, गोल गोल फिरवून... आता ते मी साबण घालून काढायचं? जगातून त्यांचा हात पुसायचं काम माझ्याच वाट्याला यावं? मला रडू यायचं आणि रागही यायचा. त्यातच हे एका रात्रीच्या जेवणाला म्हणाले की गाडी विकून टाकू. चालवणार कोण? मी चालवेन असं माझ्या तोंडून निघालं नाही. निघायला हवं होतं, पण नाही निघालं. त्यांनी एका ओळखीच्या दलालाला सांगून ठेवलं. गाडी गेली तर माझं पाचोड एसटीवर आलं, आईचा बाजार गेला, आणि आक्कांनी माझ्यासाठी राखून ठेवलेली अर्धी गाडीसुद्धा गेली, हे मला स्वच्छ दिसत होतं.

तेराव्याला कन्नडहून बाप्पू आला. हा आक्कांचा चुलतभाऊ, घाटाच्या रस्त्यावर जीप चालवतो, मनानं सोनं. आक्कांनी त्याला लहानपणी कडेवर खेळवलेलं. पंगती उठल्या, मी हात पुसत बाहेर आले, आणि बघते तर बाप्पू शर्ट काढून, बादली आणि फडकं घेऊन गाडीला लागलेला. सगळी गाडी लखलखत होती. बॉनेटवरची पट्टी गायब. आणि वास... डिझेलचा. जीपवाले करतात तसं त्यानं डिझेलमध्ये फडकं बुडवून अख्खी गाडी पुसून काढली होती. डावी नाही, उजवी नाही, सगळीकडे सारखी तेलकट चमक. तो घाम पुसत माझ्याकडे आला, डोळे भरलेले. "वहिनी, आक्काची गाडी अर्धी उजळ, अर्धी मळकट उभी होती. येणारे-जाणारे काय म्हणतील? मला नाय बघवलं. म्हून डिझेल मारलं." आता याला काय बोलायचं? बहिणीसाठी त्याला जे सर्वात भारी येत होतं ते त्यानं केलं होतं. मी म्हटलं, लई छान झालं बाप्पू, जेवून घ्या आता. आणि न्हाणीघरात जाऊन दार लावून घेतलं. आधी रागानं रडले. मग मला आक्का दिसल्या, कमरेवर हात, गाडीकडे बघतायत, नाकपुड्या फुगलेल्या, आणि बाप्पूच्या सात पिढ्या काढतायत. मला जे हसू फुटलं ते आवरेना. तेराव्याच्या घरात बाई हसते असं कुणी म्हणू नये म्हणून मी तोंडात पदर कोंबला.

आणि त्या हसण्यात मला एक गोष्ट कळली. आता माझी बाजू आणि आक्कांची बाजू असं काही उरलंच नव्हतं. जी उजवी बाजू पुसायला माझा हात धजत नव्हता, तिच्यावर बाप्पूचं डिझेल होतं. डाव्या बाजूवरही होतं. आक्कांनी जिवाचं रान करून उघडा केलेला रंग पुन्हा झाकला गेला होता, आणि तो पुन्हा उघडा करायला माझ्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं. सगळी गाडी माझ्या गळ्यात पडली होती.

पाहुणे पांगल्यावर एका सकाळी मी पदर खोचला. आक्कांच्या दोरीवरची फडकी घेतली, त्यांचीच बादली, त्यांचाच लिंबाचा साबण. धुतलं. तांब्या ओतला. पाण्याचे थेंब झाले. पुन्हा धुतलं, वडी फिरवली, स्पिरिटनं पुसलं, तांब्या ओतला. पुन्हा थेंब, कमी झालेले, पण थेंबच. दंड भरून आले. डिझेल मोठं चिवट निघालं. उन्हानं पत्र्याखाली डोकावलं की थांबायचं आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा लागायचं, असं चाललं. शेजारीण येऊन म्हणाली, कशाला एवढा जीव काढता, विकायचीच आहे ना. मी फडकं पिळलं आणि पुढच्या हातभर जागेला लागले. आधी टपापासून, मग दारं, मग बॉनेट. उजवीकडचं दार मी बाकीची दारं होईपर्यंत टाळलं, खोटं कशाला सांगू. पण फडक्यावर जे निघालं ते पिवळट, धूळ खाल्लेलं मेण होतं, आक्का नव्हत्या. आक्का तर माझ्या दंडात होत्या, फडकं आडवं नाही, सरळ रेषेत ओढायचं हे मला कुणी सांगत नसताना मी तसंच ओढत होते. शेवटी एका सकाळी तांब्या ओतला आणि पाणी सपाट पसरलं. डावीकडून उजवीकडे एकसंध, मधे कुठं तुटलं नाही. मी मान तिरकी करून बघत होते हे नंतर माझ्या लक्षात आलं.

सीलंटचा हात दिला, वाळू दिलं, कोरड्या फडक्यानं पुसून काढलं. निळा रंग असा उघडला की त्यात समोरच्या घराची खिडकी दिसत होती. हे चहा घेऊन आले, बराच वेळ गाडीभोवती फिरले. चष्मा काढून जवळून बघितलं. मी म्हटलं, दलालाला नको म्हणून सांगा. चालवणार कोण, असं त्यांनी या वेळी विचारलं नाही. म्हणाले, आक्कांच्या कंपनीच्या गेटपर्यंत नेऊन आण मला. नेऊन आणलं. परत येताना ते खिडकीबाहेर बघत होते, आणि बहीण गेल्यापासून पहिल्यांदा मोकळेपणानं रडले. बाप्पूचाही मधे फोन आला होता. विचारत होता, "चमक हाय का अजून?" मी म्हटलं, हाय बाप्पू, लई हाय. त्याला बरं वाटलं. मलाही.

गेल्या बाजाराच्या दिवशी मी एकटी पाचोडला गेले. हे म्हणाले मी येतो सोबत, मी म्हटलं, आज नको. बायपासला एका ट्रकनं कानाशी हॉर्न मारला, पण चाक सरळ राहिलं. आडूळला थांबून पाणी प्यायले. गावात शिरताना बाजार भरायला लागला होता, ओळखीच्या बायका डावीकडच्या सीटकडे बघायच्या आणि मग माझ्याकडे. आई अंगणात उभीच होती.

"एकलीच आलीस?"

"व्हय. एकलीच."

ती आत गेली. तांब्या आणला, माझ्या पायांवर पाणी घातलं, तुकडा ओवाळून टाकला. आणि मग सवयीनं उरलेलं पाणी बॉनेटवर ओतलं. मान तिरकी करून थांबली, अगदी आक्कांसारखी. पाण्याचे टपोरे थेंब झाले आणि भरभर घरंगळले, डावीकडेही आणि उजवीकडेही. अर्धी अर्धी वाटणी फोनवर मी आईला सांगितली होती. तिनं विचारलं, "आक्काची बाजू कोणची?"

मी नीट बघितलं. वाकून बघितलं, दोन्ही बाजूंनी. "कळत नाय गं आता, आई."

"मंग झ्याक झालंय," आई म्हणाली, आणि रिकामा तांब्या घेऊन आत गेली.

अंगणात ऊन चढत होतं. उन्हात अशी गाडी ठेवायची नसते. मी पुन्हा आत बसले आणि मागं घेऊन कडुलिंबाच्या सावलीला लावायला गाडी सुरू केली. हात गिअरवर नेला आणि क्षणभर थांबले... डावीकडून टकटक झाली नाही. आरसा मी बघितला होता. पुन्हा बघितला, आणि गाडी मागं घेतली.